विद्यार्थी रेडिओच्या जुन्या कॅसेटी: बुरशी, फीत आणि एक तासाचा मागोवा

सांजवेळ

नमस्कार मंडळी. कॉलेज आणि पुढे विद्यापीठ मिळून १९९४ ते २००३ या काळात विद्यार्थ्यांनी सादर केलेल्या रेडिओ कार्यक्रमांच्या कॅसेटी एकत्र केल्या आहेत. त्या वेळचे बहुतेक निवेदक डिसेंबरात गोव्यात जमतील. तेव्हा त्या वर्षांचा मागोवा घेणारा एक तासाचा कार्यक्रम ऐकवायचा आहे, आणि जमल्यास नंतर नेटवर ठेवायचा आहे.

साठ मिनिटांच्या २६ कॅसेटी, नव्वद मिनिटांच्या १२, आणि शेवटच्या वर्षातल्या ४ सीडी आहेत. काही कार्यक्रम आकाशवाणीवर झाले होते, ते घरी रेडिओवरून टेप केलेले आहेत. बाकीचे कॅन्टीन आणि हॉस्टेलच्या स्पीकरवर लागायचे. सगळा साठा कौलारू घराच्या माळ्यावर होता. नऊ कॅसेटींत फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसते. सगळ्यांत निवेदन आणि गाणी दोन्ही आहेत.

विचारायचं ते असं. बुरशीच्या कॅसेटींचं काय करावं? कुठल्या यंत्रावरून आणि कुठल्या सेटिंगने कॉम्प्युटरवर घ्यावं? ४४ तासांतून एक तास निवडायची रीत काय? आणि गाणी तशीच ठेवून नेटवर चढवता येईल का?

फीत_फिरकी (मडगाव)

ताई, बुरशी दिसणारी एकही कॅसेट डेकमध्ये घालू नका, "जरा ऐकून बघू" म्हणूनसुद्धा नको. बुरशी हेडवर (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) आणि रबरी चाकावर बसते आणि पुढच्या २९ चांगल्या कॅसेटींना लागते. शिवाय फितीचे वेढे एकमेकांना चिकटलेले असतात. मोटरने ओढलं की वरचा तपकिरी लेप सुटतो. आवाज त्या लेपातच आहे, तो गेला की परत येत नाही.

उन्हात वाळवायचा मोह होईल, पण कोकमाची सोलं वाळत घालतो तशा कॅसेटी अंगणात ठेवल्या तर डबी वाकते आणि फितीच्या कडा लाटेसारख्या होतात. वाळवण डब्यातच करायचं. रबरी कड असलेला वीसेक लिटरचा हवाबंद डबा घ्या. तळाशी पाव किलो सिलिका जेल कापडी पिशवीत ठेवा, वर जाळी, जाळीवर कॅसेटी खोक्याबाहेर काढून उभ्या लावा. आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४० ते ४५ टक्क्यांवर येऊन आठ-दहा दिवस तिथेच टिकला की बुरशी सुकते, तिची भुकटी होते आणि ती पुसता येते. ओली असताना पुसली तर ती फितीवर सारवली जाते. जेलचे दाणे निळ्याचे गुलाबी झाले की १२० अंशांच्या ओव्हनमध्ये तासदीड तास तापवून पुन्हा वापरता येतात. निळा रंग कोबाल्टचा असतो, त्यामुळे जेवणाच्या भांड्यात तापवू नका.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर बाहेरची हवा ८० टक्क्यांच्या वरच असते. या दिवसांत डब्यातून एका वेळी दोनच कॅसेटी काढा, काम करा, परत आत ठेवा. एसीची खोली असेल तर उत्तम. एरवी या कामाला पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरायचे दिवस, म्हणजे एप्रिल-मे, सगळ्यांत बरे. तुम्हाला डिसेंबर गाठायचा आहे म्हणून डब्याचा मार्ग.

पुसताना एन-९५ मास्क आणि हातमोजे हवेतच, बुरशीची धूळ छातीत जाते. बंद खोलीत करू नका. पाऊस नसलेल्या दुपारी बलकांवावर (घरापुढच्या ओसरीवर) बसा, वारा पाठीकडून येईल असे. डबीला पाच स्क्रू असतात. वरचं झाकण उचलण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, कारण आत दोन पातळ घसरपत्रे, कोपऱ्यातली दोन चाकं आणि मधली स्प्रिंगची पट्टी असते, आणि झाकण उचलताच यांतलं काहीतरी उडतं. मग चष्मा पुसायच्या मऊ कापडाची घडी फितीवर हलके धरून, सहा कोनी पेन्सिलीने चाक फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. कापडाची जागा दर मिनिटाला बदला. पाणी, स्पिरिट, काहीही लावू नका. डबी स्क्रूची नसून चिकटवलेली असेल तर सांध्यावर पाते चालवून ती फोडा आणि फितीची दोन्ही चाकं स्क्रूवाल्या चांगल्या डबीत बसवा. तशा डब्यांसाठी भंगारवाल्याकडून टाकाऊ कॅसेटी दहाबारा आणून ठेवा.

आता डेक. बाजारात खिशातल्या वॉकमनसारखे यूएसबीवाले स्वस्त प्लेअर मिळतात, ते नकोत. त्यांचा वेग डगमगतो आणि हेडचा कोन सहज जुळवता येत नाही. जुना, वजनदार हाय-फाय डेक शोधा आणि त्याचा रबरी पट्टा आधीच बदलून घ्या. वीस-पंचवीस वर्षं पडून असलेल्या डेकमध्ये पट्टा डांबरासारखा वितळलेला असतो. हेड आणि धातूचा दांडा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, दर तीन-चार कॅसेटींनंतर. बुरशीची कॅसेट पुसून वाजवली तर प्रत्येक वेळी. रबरी चाकाला मात्र साबणाचं किंचित पाणी लावून लगेच कोरडं करा, अल्कोहोलने रबर कडक होतं.

आता हेडचा कोन, ही पायरी बहुतेक जण गाळतात. प्रत्येक कॅसेट वेगळ्या यंत्रावर टेप झालेली असते आणि त्या यंत्राच्या हेडचा कोन वेगळा असतो. कोन जुळला नाही की आवाज उशीखालून आल्यासारखा येतो. मग लोक कॉम्प्युटरवर ट्रेबल वाढवतात, आणि त्याने खरखर तेवढी वाढते. कॅसेटच्या दरवाजाचं झाकण काढलं की हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला स्क्रू दिसतो. डावी-उजवी वाहिनी एकत्र करून मोनोत ऐका. निवेदक बोलत असेल ती जागा लावा, गाणं नको. स्क्रू जेमतेम एक-अष्टमांश फेरा इकडे, एक-अष्टमांश तिकडे फिरवा आणि फक्त 'स', 'श' आणि 'च' ऐका. "संध्याकाळचे सव्वासात" यातले तिन्ही 'स' सुरीसारखे धारदार झाले, की तीच जागा. दुसऱ्या बाजूसाठी पुन्हा तपासा.

कॉम्प्युटरवर घेण्याआधी प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे घ्या, म्हणजे वेढे सारखे बसतात. मग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाईल. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकीच पातळी ठेवा. एमपी३ मध्ये थेट घेऊ नका. स्टिरिओत एका तासाला सुमारे १ जीबी, म्हणजे तुमचे ४४ तास ४६ जीबीत बसतात. आजच्या पेनड्राइव्हच्या हिशेबात हे काहीच नाही. कार्यक्रम मोनो असला तरी दोन्ही वाहिन्या घ्या, बहुतेकदा एक दुसरीपेक्षा कमी खराब असते. डॉल्बीचं (खरखर कमी करणारं) बटण लेबलवर तशी खूण असेल तरच दाबा, शंका असली तर बंद. मूळ फाईलवर खरखर काढायची कुठलीही प्रक्रिया करू नका, ती नकलेवर.

दुर्वा_म्हापसा

वरचं सगळं पटलं. मी निवड आणि बांधणीबद्दल लिहिते.

या कॅसेटींतली मोलाची गोष्ट दोन गाण्यांमधलं बोलणं आहे. गाणी दुसरीकडे कुठेही मिळतील. १९९७ च्या ऑगस्टात एक विद्यार्थिनी कॅन्टीनमध्ये बसलेल्यांना उद्देशून काय म्हणाली, ते जगात फक्त त्या फितीवर आहे. म्हणून नोंदवही बोलण्याची करा.

नोंदीसाठी साधा तक्ता पुरतो: फाईलचं नाव, मिनिट-सेकंद, कोण बोलतंय, पहिले चार-पाच शब्द जसेच्या तसे, विषय, मागेपुढे कुठलं गाणं, आणि शेवटी एक ते तीन गुण. फाईलचं नाव वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने द्या, म्हणजे यादी आपोआप कालानुक्रमे लागते. तारीख माहीत नसेल तिथे शून्य घाला, अंदाज लिहू नका. लेबलचा आणि आतल्या कार्डाचा फोटो त्याच नावाने ठेवा. लेबलवर एक आणि आत भलतंच हे फार वेळा होतं, तेव्हा दोन्ही नोंदवा. एक तासाची फीत नीट नोंदवायला अडीच-तीन तास लागतात. ४४ तास म्हणजे एकट्याने संपणारं काम नव्हे. चौघांत वाटा, पण आधी चौघांनी एकच कॅसेट स्वतंत्रपणे नोंदवून गुण ताडून बघा, नाहीतर एकाचे तीन म्हणजे दुसऱ्याचा एक होतो.

आता एक तास. कालक्रमाने लावला तर पहिली वीस मिनिटं सगळ्यांत कच्च्या निवेदनाची होतात आणि ऐकणारा सुटतो. त्याऐवजी एका प्रसारणाच्या दिवसाचा आकार द्या: सुरुवातीची धून आणि नमस्कार, मग सूचना, फर्माइशी, मुलाखत, परीक्षेच्या दिवसांतलं बोलणं, आणि निरोप. प्रत्येक भागात वेगवेगळ्या वर्षांचे तुकडे शेजारी ठेवा. एकाच निवेदकाचं पहिल्या वर्षातलं आणि शेवटच्या वर्षातलं "नमस्कार" पाठोपाठ लावलं, की वर्षं सरल्याचं निवेदनातून सांगावं लागत नाही.

फरक नेमका कशात ऐकू येतो, ते निवडताना कान ठेवायला सांगते. पहिल्या वर्षी वाक्यं लिखित असतात: "सादर करीत आहोत", "आपणांस विदित आहेच". श्वास वाक्याच्या मध्ये येतो आणि वेग मिनिटाला दीडशे शब्दांच्या पुढे जातो. तिसऱ्या वर्षापर्यंत तोच माणूस ११०-१२० वर उतरतो, क्रियापद आधी घेतो आणि गाण्याच्या सुरुवातीच्या संगीतावर बोलून गायक सुरू व्हायच्या क्षणी थांबतो. गोव्यातल्या निवेदनात आणखी एक गोष्ट ऐका: मराठी कार्यक्रमात कोंकणी कुठे शिरते ते. गावांची नावं घेताना, श्रोत्याला चिडवताना, पावसाबद्दल बोलताना. 'वाळपय' म्हणायचं की 'वाळपई' हे त्या फितींत वर्षागणिक बदललेलं सापडेल. असे तुकडे जरूर ठेवा.

तुकडा २० ते ४० सेकंदांचा असावा. तासात साधारण ९० तुकडे बसतात, आणि त्यांना जोडणारं नवं निवेदन एकूण बारा-पंधरा मिनिटांहून जास्त नको. नव्या निवेदनाने तुकड्यात काय आहे ते आधीच सांगू नये, वर्ष आणि जागा एवढंच द्यावं.

संकलनात सगळ्यांत जास्त बिघडते ती फितीची खरखर. कान तिला दोन सेकंदांत सरावतो, पण तुकडा संपून एकदम स्वच्छ शांतता आली की दचकतो. म्हणून तुकडा शब्दावर कापू नका. शब्दाआधीची दीड-दोन सेकंद खरखर हळू वर आणा, मग शब्द. शेवटच्या शब्दानंतरही दोन सेकंद ती ठेवा आणि नव्या निवेदनाच्या पहिल्या शब्दांखाली विरू द्या. खरखर पूर्ण काढणारी सॉफ्टवेअरं आहेत. ती १० डेसिबलच्या पुढे ताणली की 'स' पाण्याखाली गेल्यासारखा होतो, तेव्हा ६ ते ८ वर थांबा. पान उलटल्याचा आवाज, मागून आलेलं हसू, भांड्यांची आदळआपट पुसू नका. ती खोली त्या आवाजांतच आहे.

नवं निवेदन साध्या डायनॅमिक माईकवर घ्या. कंडेन्सर माईक दमट हवेत चुरचुरतो आणि खोलीतला प्रत्येक आवाज पकडतो. तोंडापासून चार-पाच बोटांचं अंतर, माईक ओठांच्या किंचित बाजूला, म्हणजे 'प', 'फ', 'भ' चे फटके बसत नाहीत. पंखा आणि फ्रिज बंद. पत्र्याच्या छपराखाली पावसात घेऊ नका, तो आवाज नंतर कशानेच निघत नाही. कपड्यांच्या उघड्या कपाटाकडे तोंड करून बसलं की घुमणं बरंच मरतं. शेवटी पूर्ण तास उणे १६ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) आणा, नेटसाठी तो चालतो.

सांजवेळ

खूप आभार दोघांचे. आठवड्याने सांगायला आले आहे. बारा चांगल्या कॅसेटी उतरवल्या. हेडचा कोन जुळवल्यावर फरक खरंच मोठा आहे. पण तीन कॅसेटी कोन कसाही फिरवला तरी बसक्याच येतात, आणि आवाज मध्येच जातो-येतो. फीत स्वच्छ आहे. आणि गाण्यांबद्दल कुणी सांगेल का?

फीत_फिरकी (मडगाव)

डबीच्या तोंडाशी, फितीच्या मागे, तांब्याच्या पट्टीवर नखाएवढा नमद्याचा (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाचा) तुकडा असतो. फीत हेडवर दाबून धरायचं काम तो करतो. त्याचा गोंद वीस-तीस वर्षांत सुकतो आणि तुकडा आत पडतो. डबी हलवून बघा, खुळखुळ येईल. फीत दुसऱ्या डबीत बसवली की काम झालं. नुसता नवा गोंद लावू नका, तो पसरून फितीला लागतो. कोन मात्र पुन्हा जुळवावा लागेल.

कर्णा_आणि_कायदा

गाण्यांचं सांगतो. आधी या फितींवर काय आहे ते वेगळं करा, कारण हक्क तीन ठिकाणी विभागलेले आहेत.

आकाशवाणीवर प्रसारित होऊन घरी टेप केलेले कार्यक्रम: आवाज तुमच्यापैकी कुणाचा असला तरी कार्यक्रम आकाशवाणीचा, म्हणजे नोव्हेंबर १९९७ पासून प्रसार भारतीचा. स्नेहमेळाव्यात आपापसांत ऐकणं आणि जाहीरपणे नेटवर ठेवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. नेटवर ठेवायचं असेल तर पणजी केंद्राला लेखी विचारा. अर्जात तारीख, कार्यक्रमाचं नाव आणि वापराचे नेमके मिनिट-सेकंद द्या. दुर्वाताईंनी सांगितलेला तक्ता इथे कामी येतो.

कॅन्टीन-हॉस्टेलचे कार्यक्रम: कॅम्पसला स्वतःचं एफएम केंद्र उघडायची परवानगी देणारं धोरणच २००२ च्या अखेरीस आलं, आणि देशातलं पहिलं कॅम्पस केंद्र, चेन्नईचं अण्णा एफएम, १ फेब्रुवारी २००४ ला सुरू झालं. त्यामुळे तुमच्या काळातलं हे काम तारेवरून स्पीकरवरच होणार होतं. इथे बोलण्याचे हक्क बोलणाऱ्यांचे आणि, संस्थेने ते काम करवून घेतलं असेल तर, संस्थेचे. प्रत्येक निवेदकाकडून आणि मुलाखत दिलेल्या पाहुण्याकडून एका ओळीची लेखी संमती घ्या. फर्माइशींत लोकांची पूर्ण नावं, गाव, वाडा, कधी घराची खूणही वाचलेली असते. नेटवरच्या प्रतीतून आडनाव आणि वाडा कापा, गाव राहू द्या. फर्माइशीचा गोडवा गावाच्या नावात असतो, तो टिकतो.

गाणी: "सात सेकंद चालतात", "तीस सेकंदांपर्यंत फुकट" असं सगळे सांगतात. आपल्या कॉपीराइट कायद्यात असा कुठलाही सेकंदांचा नियम नाही. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं असतो. शब्द आणि चाल यांवरचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं, म्हणजे जुन्या तबकडीचा हक्क संपला तरी गीताचा शिल्लक असू शकतो. रेडिओ केंद्रांना ठरावीक मोबदला भरून गाणी वाजवण्याची जी वैधानिक सोय २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३१ड मध्ये आली, ती इंटरनेटवरच्या सेवांना लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं आणि २०२२ मध्ये खंडपीठानेही ते कायम ठेवलं. गोव्याचं उच्च न्यायालयही तेच. तेव्हा नेटवरच्या प्रतीतून गाणी काढा. निवेदक ज्या सुरावर बोलतो तो सुटा काढता येत नसेल, तर तो तुकडा फक्त मेळाव्याच्या प्रतीत ठेवा. दोन प्रती करायच्या हे आधीच ठरवून काम केलं तर त्रास निम्मा होतो.

एखाद्या सामुदायिक रेडिओ केंद्रावर (कॅम्पसचं केंद्रही त्यातलंच) लावायचा विचार असेल तर तिथे परवानगी मिळायची शक्यता जास्त, पण एक अट लक्षात ठेवा. या केंद्रांना स्वतःच्या बातम्या आणि राजकीय कार्यक्रम देता येत नाहीत. परीक्षा, प्रवेश, निकाल, खेळ, स्थानिक सांस्कृतिक कार्यक्रम यांची माहिती बातमी धरली जात नाही, ती चालते. विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकीवरची गरम चर्चा त्या प्रतीतून काढावी लागेल.

एक विनंती. सामुदायिक केंद्रांना प्रसारित कार्यक्रम तीन महिनेच जपून ठेवायचं बंधन आहे. त्यानंतर डिस्क भरली की तीच पुन्हा वापरली जाते, आणि म्हणूनच कॅम्पस रेडिओचे २००४ नंतरचे विद्यार्थी कार्यक्रम अनेकदा तुमच्या कॅसेटींपेक्षाही कमी सापडतात. आज कुठेही विद्यार्थी कार्यक्रम करत असतील त्यांना सांगा: महिन्याच्या शेवटी आपल्या फाईली स्वतःकडे उतरवून घ्या, नोंदीसह.

दुर्वा_म्हापसा

सीडींबद्दल कुणी लिहिलं नाही. त्या आधी उतरवा, आजच. घरी लिहिलेल्या सीडीचा रंग उडतो आणि त्या एका दिवशी अचानक वाचेनाशा होतात, कॅसेटसारख्या हळूहळू खराब होत नाहीत. चुका मोजून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरा, आणि एका ड्राइव्हवर अडली तर दुसऱ्यावर घालून बघा. वर कागदी लेबल चिकटवलेलं असेल तर सोलू नका, खालचा चकाकता थर त्याच्याबरोबर निघतो.

फीत_फिरकी (मडगाव)

आणि मी पहिल्या उत्तरात राहून गेलेलं, बाकीच्या २६ कॅसेटींसाठी. डेकमध्ये घालण्याआधी प्रत्येकीच्या पाठीकडच्या कडेला दोन टोकांना दोन छोट्या प्लास्टिकच्या कळ्या असतात, त्या स्क्रू-ड्रायव्हरने तोडून टाका. कळी असेल तर चुकून लाल बटण दाबलं गेलं की १९९४ पुसलं जातं. बुरशीवाल्या फिती नव्या डबीत घालाल तेव्हा त्या डबीच्याही तोडा. भंगारातल्या डब्यांना त्या बहुतेक वेळा शाबूत असतात.